शिवलेल्या पट्ट्याचा रणगाडा

मी खाली सही करणारी, वय सत्त्याहत्तर, जन्मभर शिंप्यांची काजं-बटणं केलेली बाई, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी मागे लागलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. शाळा दुसरीपर्यंतच झाली. वकील म्हणाले, "आजी, थोडक्यात लिहा." ते मला बोलतानाही जमत नाही.

घर मुलाला. बँकेत असेल ते मुलाला आणि मुलीला निम्मं-निम्मं. पितळी मुठीची कात्री नणंदेला. ती तिने उसनी म्हणून कधीच नेली आहे, आता हक्काने वापरावी.

आता रणगाड्याचं. बाहेरच्या खोलीत कपाटावर प्लास्टिकचा रणगाडा आहे, जुन्या महायुद्धातल्या हलक्या रणगाड्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती. तो समोरच्या घड्याळवाल्यांना. दुकान बंद केल्यावर त्यांचे हात रिकामे झाले, आमचे हे गेल्यावर माझे. एक दिवस ते सुट्या भागांचा खोका घेऊन आले. "वहिनी, सुईत दोरा ओवता ना अजून? मग बसा." तेव्हापासून दर शनिवारी दुपारी बसतो. इतकी मजा मला लग्नातसुद्धा आली नव्हती. रणगाड्याचं वरचं एवढंसं झाकण उघडतंसुद्धा.

चाकांभोवतीच्या पट्ट्यांवरून मात्र आमचं वाजलं. रबरी पट्ट्याची टोकं तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने दाबून जोडायची, असं खोक्यातल्या चित्रात होतं. उजवा पट्टा त्यांनी तसा जोडला. डावा मी काळ्या दोऱ्याने शिवला, काजाचा टाका घालून. त्यांनी भिंग लावून बघितलं. "रणगाडा आहे की झबलं?"

"माझं झबलं उसवत नाही," मी म्हटलं.

पुढच्या शनिवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी आले आणि थेट माझ्या टाक्यांवर मातकट रंग लावत बसले. माझी बाजू जरा आवळली गेली आहे, म्हणून ढकलला की रणगाडा डावीकडे वळतो. तो कोणी सरळ करू नये.

मुलगा म्हणतो, "आई, लोक काय म्हणतील?" लोकांचं म्हणून झालं. माझी काळजी वेगळी आहे. मी गेल्यावर एखाद्या शनिवारी घड्याळवाले सवयीने दार वाजवतील आणि त्यांना दारातूनच परत पाठवलं जाईल. म्हणून अट घालते: घर मुलाचं, पण खिडकीजवळचं टेबल आणि दोन खुर्च्या हलवायच्या नाहीत. एक खुर्ची त्यांची.

दुसरी सूनबाईची. तोंडाने ती "चिकट पसारा" म्हणते. पण मागे मी दवाखान्यातून घरी आले, तर रणगाड्याच्या अंगावर लावलेल्या चिमुकल्या फावड्या-कुऱ्हाडीचे दांडे लाकडी रंगात रंगवून झालेले, एक ठिपका बाहेर नाही. विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत, आई." नखाला तपकिरी रंग होता. पलंगाखालचा सुट्या भागांचा नवा, न फोडलेला खोका आणि माझे ब्रश तिला.

साक्षीदार म्हणून सही करायला घड्याळवाले चष्मा पुसून तयार होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचं आहे त्याने सही करू नये. मग सूनबाईने पेन घेतलं, तर तिच्याकडूनही काढून घेतलं. आता दोघं खिडकीजवळ रणगाडा मधे घेऊन समोरासमोर बसली आहेत आणि मला काही विचारत नाहीत.

सही: स्वतःच्या हाताने, अंगठा नाही
साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई; वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन
ठिकाण: आमची बाहेरची खोली
तारीख: सात नोव्हेंबर, शनिवार