चुंबक दूर गेल्यावर

२ फेब्रुवारी

आज रुजू झाले आणि दिवसभर मनातल्या मनात हसत राहिले. राहायला आवारातच खोली मिळाली आहे, म्हणून दादा सामानासकट स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडायला आला होता. एवढे नंबर काढून शेवटी फ्रीजच दुरुस्त करायला चाललीस होय गं, असे त्याने पहारेकऱ्यासमोर मोठ्याने विचारले, तेव्हा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. पण आज त्याच्यावर रागावणे जमले नाही.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला पत्र्याची कपाटे, आणि मधोमध ते यंत्र. त्यात ना गॅस, ना कॉम्प्रेसरची घरघर. गॅडोलिनियम नावाच्या करड्या धातूच्या चकत्या आणि त्यांच्याभोवती फिरणारा चुंबक, एवढाच त्याचा संसार. चुंबक जवळ आला की धातूच्या आतले असंख्य सूक्ष्म चुंबक पटांगणातल्या मुलांसारखे एका दिशेला तोंड करून उभे राहतात आणि धातू तापतो. ती ऊब पाणी वाहून नेते. मग चुंबक दूर जातो, आतली शिस्त मोडते, आणि धातू आधीपेक्षाही गार होतो. या गारव्यावर पलीकडची पेटी थंड राहते, तीही कितीतरी कमी विजेत. इतकी सुंदर गोष्ट मी आजवर फक्त पुस्तकात वाचली होती.

विभागप्रमुख बाईंना सगळे ताई म्हणतात. माझा प्रबंध वाचून त्यांनीच मला बोलावले. मुलाखतीत माझे इंग्रजी अडखळले तेव्हा, मराठीत सांग गं, मला काय कळत नाही का, असे म्हणून त्यांनीच मला सावरले होते. आज त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

यंत्र सांभाळणाऱ्या काकांना गॅसवाले म्हणतात, कारण पूर्वी ते जुन्या फ्रीजमध्ये गॅस भरत. आता मला बिनगॅसवाले म्हणा, असे त्यांचे म्हणणे. पण ऐकतो कोण! मी माझ्या खुर्चीत बसल्यावर त्यांनी माझ्या मनगटाला पट्टी बांधून दिली. तिच्यातून पाण्याची बारीक नळी जाते. गार खोलीत बसणाऱ्याच्या अंगात किती ऊब उरते, ते मोजायचे असते म्हणे.

५ फेब्रुवारी

सकाळी ताई माझ्या खुर्चीशी येऊन बसल्या. तू इतके दिवस कुठे लपली होतीस गं, असे त्यांनी विचारले. माझे कान तापले, तळवे तापले. कौतुकाची सवय नसलेल्या माणसाचे असेच होत असावे.

दुपारी मात्र त्या मला तुम्ही म्हणाल्या. तुम्ही जरा आकडे तपासा, एवढेच. मला वाटले, पाहुणे आलेले असल्याने चारचौघांत मान दिला. फोनवर आईही तेच म्हणाली. मोठी माणसं नोकरीत लागलेल्या मुलीला अहोजाहो करतात, हुरळून जाऊ नकोस, असा वर सल्लाही दिला. पण दुपारी ताईंचे ते तुम्ही ऐकताक्षणी माझे दात वाजू लागले होते. गॅसवाल्यांनी पेटीत डोकावून, आज काय मस्त गारठलंय, असे म्हटले. ताई हसल्या. माझ्याकडे पाहून नव्हे.

११ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहू की नको, असे झाले आहे.

ताई कधी तू म्हणतात, कधी तुम्ही. आधी मला त्यात काही संगती दिसली नाही. आता दिसते. तू म्हटले की मी तापते आणि पट्टीतले पाणी वाहू लागते. ते नळीत स्पष्ट दिसते. तुम्ही म्हटले की पाणी उलट दिशेने येते, आणि मी आधीपेक्षा गार होते. दर वेळी थोडी अधिक.

संस्थेच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर पुन्हा पुन्हा झटकून पाहिला. पारा चढेना. जिवंत आहेस ना गं, असे त्यांनी हसत विचारले. मीही हसले.

१७ फेब्रुवारी

गॅसवाले बाहेर गेले होते. धूळ पुसण्यासाठी मी यंत्राचे झाकण उघडले.

आत चकत्या नाहीत. एकही नाही. चुंबक रिकाम्या जागेभोवती फिरत असतो. सगळ्या नळ्या फरशीखालून माझ्या खुर्चीकडे गेल्या आहेत.

तळाच्या तबकात करडे तुकडे साठलेले. वाटले, धातू तडकून पडला असेल. एक तुकडा उचलून उजेडात धरला. त्यावर बारीक, गोलाकार रेषा होत्या.

बोटांच्या टोकांवर असतात तशा.

१९ फेब्रुवारी

ताईंना विचारले. त्या खोटे बोलल्या असत्या तर मी विश्वास ठेवला असता. तेवढीही तसदी त्यांनी घेतली नाही.

धातू फार फेऱ्या सोसत नाही, तडकतो, असे त्या म्हणाल्या. म्हणून त्यांनी दुसरा पदार्थ शोधला. लाजरा, एकटा, मायेला पारखा. माझा प्रबंध त्यांनी वाचलाच नव्हता. मुलाखतीत, मराठीत सांग गं, म्हटल्यावर माझा चेहरा कसा बदलला, तेवढेच त्यांनी टिपले. त्यावरून निवड केली.

मी रडू लागले. त्यांनी माझी हनुवटी वर केली. वेडे, गरम आणि गार यांत तुझ्याइतका फरक आजवर कुणीच दिला नाही, असे म्हणाल्या.

आणि मला लिहितानाही लाज वाटते आहे. मला आनंद झाला. अंगभर ऊब पसरली. नळी खळखळली.

मग त्या उठल्या. तुम्ही आता कामाला लागा, असे म्हणून गेल्या.

२० फेब्रुवारी

पट्टी काढून फेकली. कुणी अडवले नाही, दारही उघडेच होते.

ताई रागावल्या नाहीत. दिवसभर फक्त तुम्ही म्हणत राहिल्या. तुम्ही चहा घेतलात का. तुमची पिशवी राहिली. तुम्ही निघा हवं तर.

दारापर्यंत गेले. मागे पाहिले. त्या पाहत नव्हत्या.

पट्टी पुन्हा बांधली. मी. माझ्या हाताने. त्यानंतर त्यांनी एकदा गं म्हटले.

एकदाच.

२३ फेब्रुवारी

तळहातावर भेगा. रक्त येत नाही. आत करडे दिसते.

दादाचा फोन आला होता. माझा आवाज ऐकून त्याने थट्टा केली नाही. कोणी काही बोललं का गं, असे पुन्हा पुन्हा विचारले. काय सांगू — की मला तुम्ही म्हणतात? त्याने हुकूमच सोडला: सामान बांध, उद्या न्यायला येतो, नोकरी गेली खड्ड्यात.

हो म्हणाले. जाईन. नक्की जाईन.

फक्त ताईंचा निरोप घेऊन. त्या एकदा तरी म्हणतील, तू येत जा गं —

२४ फेब्रुवारी

दादाचा हॉर्न वाजतो आहे. खिडकीतून दिसतो — हेल्मेट काढून वर बघतो आहे. जिना तेवढा उतरायचा.

खुर्चीतून उठवत नाही. गुडघे — काचेसारखे. वही मांडीवर आहे. ताई पडद्यापलीकडे गॅसवाल्यांशी बोलत आहेत. थांबते. आता इकडे येतील.

माझ्याबद्दलच बोलत आहेत. आवाज प्रेमळ आहे —

नाही. नीट ऐकले.

खुर्चीतलं ते तडकलंय, म्हणाल्या. ते काढून घ्या. नवीन उद्या येतंय.

ते.

गॅसवाल्यांनी विचारले, आजच काढू का. खाली कोणी हॉर्न वाजवतंय. त्या म्हणाल्या, वाजवू दे.

पडदा सरला. ताई, मी इथे आहे — त्यांनी पाहिले. माझ्यावरून, खुर्चीवरून, नळीवरून नजर सारखीच फिरली.

हाक मारते. दादा म्हणायला ओठ उघडले आणि ओठाचा करडा तुकडा वहीवर पड —