अंजिरांचा जॅम ओट्यावर आहे

अहो,

मी साडेदहाच्या एसटीनं येवल्याला जातेय. सकाळी जावयांचा, कुंदनरावांचा फोन आला होता. संपदाला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्यात, तिला दवाखान्यात नेलंय.

तेव्हा अंजिरांचा जॅम गॅसवर होता. साखरेत मिसळून पेक्टिनची पूड नुकतीच घातली होती. मध्येच गॅस बंद केला असता तर तो पातळच राहिला असता, म्हणून फोन ठेवल्यावरही मी पाच मिनिटं ढवळत उभी राहिले. का उभी राहिले, माझं मलाच कळत नाही. बरण्या उघड्याच आहेत. गार झाल्या की झाकणं लावा, पण हलवू नका. आमटी-भात झाकून ठेवलाय.

तुम्हाला ऑफिसात फोन केला नाही. तुम्ही जाऊ नको म्हणाला असतात आणि मी थांबले असते. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केल्यापासून दोन वर्षं मी तेच करत आलेय.

दवाखान्याचा पत्ता फोनच्या वहीत लिहिलाय. फोन ठेवताना कुंदनराव म्हणाले, "आई, ती विचारतेय, बाबा येतील का?"

मी हो म्हणून सांगितलंय.

इंदिरा