वहिनीसाहेबांना तू काय उत्तर दिलंस

आई,

तुला एक गोष्ट विचारायची राहून गेली. तू होतीस तेव्हा ती सुचली नाही, आणि सुचली असती तरी "तुझा अभ्यास झाला का?" असं तू मलाच उलट विचारलं असतंस. मी बारावीत होते त्या संक्रांतीला मंगल कार्यालयातलं हळदीकुंकू आटोपून वहिनीसाहेब साहेबांकडे न जाता आपल्या घरी आल्या होत्या. थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मी बाहेर उरलेली वाणं खोक्यात भरत बसले होते. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेला होता, कपाळ मोकळं होतं, आणि तू भरलेली ओटी त्यांच्या हातात नव्हती. ती आत ओट्यावरच राहिली होती. आत त्यांनी तुला काय विचारलं असेल याचा अंदाज मला या वर्षी आला. तू काय उत्तर दिलंस तेवढं मला हवं आहे.

आधी हसून घे. राजकारणाचं तोंडही बघणार नाही असं तुला ठणकावून सांगून ऑस्ट्रेलियाला आलेली तुझी मुलगी इथे पार्टीची मेंबर आहे. तू गेलीस तेव्हा मी युनिव्हर्सिटीत शिकत होते. आता मेलबर्नच्या कडेला वेरिबीत राहते, एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि महिन्यातून एकदा लायब्ररीच्या हॉलमध्ये ब्रँचच्या मीटिंगला जाऊन बसते. ब्रँच म्हणजे आपली शाखाच, फक्त सतरंजीऐवजी घडीच्या खुर्च्या आणि चहाबरोबर क्रीमची बिस्किटं. सुरुवात शाळेसमोरच्या रस्त्यामुळे झाली. तिथे सिग्नल हवा म्हणून मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, पुन्हा पुन्हा मेल पाठवत होते. एक दिवस कौन्सिलर स्वतः आला, शाळा सुटायच्या वेळेला माझ्याबरोबर फुटपाथवर उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी सिग्नल लागला. पूर्वीचा प्लंबर, दणकट, मोठ्यानं हसणारा माणूस. माझं नाव त्यानं पहिल्या खेपेस नीट उच्चारलं आणि मी तेवढ्यावर विरघळले. तूही आपल्या तालुक्याच्या साहेबांच्या पार्टीत कुठल्याशा गल्लीतल्या नळावरूनच गेली होतीस ना, म्हणून सांगते.

मग आमच्या भागातली राज्याच्या पार्लमेंटची जागा रिकामी होणार असं ठरलं. आपल्याकडे तिकीट मुंबईहून यायचं. इथे त्या भागातले पार्टीचे मेंबर मत देऊन उमेदवार निवडतात, त्याला प्रीसिलेक्शन म्हणतात. आमच्याकडे पार्टीचा जोर इतका की प्रीसिलेक्शन मिळालं की पुढची निवडणूक जिंकल्यात जमा. इच्छुक दोघंच होते. एक आमचा कौन्सिलर. दुसरी इथल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काम करणारी नर्स, पन्नाशीची, घटस्फोटित, बोलायला कोरडी. पण पेशंटला तिथे तासन्‌तास का ताटकळावं लागतं हे ती सांगायला लागली की सगळा हॉल गप्प व्हायचा. तरी लोकांचा कल कौन्सिलरकडे होता. मग ख्रिसमसच्या तोंडावर बातमी फुटली की त्याच्याच ऑफिसात काम करणाऱ्या एका बाईबरोबर त्याचं बरेच दिवस चालू आहे.

त्यानं नाकारलं नाही. माझी चूक झाली, घरच्यांची माफी मागितली आहे, असं सांगून मोकळा झाला. पण त्यानंतर त्या शर्यतीत हॉस्पिटल राहिलं नाही, ट्रेन राहिली नाही, शाळाही राहिली नाही. इथले गोरे मेंबर म्हणत की हा त्याचा खाजगी मामला आहे, आणि एकेक करून गुपचूप नर्सच्या बाजूला जाऊन बसत. आपले लोक, म्हणजे मराठी, गुजराती, पंजाबी, तेलुगू सगळे, उघड बोलत, पण ठरवत काहीच नव्हते. ते एकाच गोष्टीची वाट बघत होते: त्याची बायको घरात राहते की बॅग भरून जाते. ती राहिली तर माणूस चुकला पण सावरला, गेली तर माणूस कामातून गेला. अख्ख्या मतदारसंघाचं भवितव्य त्या बाईच्या बॅगेवर येऊन टेकलं होतं, आणि तिला कोणी एका शब्दानं काही विचारत नव्हतं.

मी तिला त्याच्याही आधीपासून ओळखते. ती पूलवर मुलांना पोहायला शिकवते. माझी लेक पाण्याला इतकी घाबरायची की बाथरूममध्येही डोक्यावर तांब्या ओतू द्यायची नाही. या बाईनं तिला कित्येक दिवस नुसतं काठावर बसवून पाय हलवायला लावले, घाई केली नाही. आता लेक सतरा वर्षांची आहे आणि त्याच पूलवर वीकेंडला लाइफगार्डची शिफ्ट करते. बातमी फुटल्यापासून सुपरमार्केटमध्ये बायका तिला बघून दुसऱ्या रांगेत वळत होत्या. मला वाईट वाटायचं, आई, हे अगदी खरं आहे. म्हणून जानेवारीत कौन्सिलरच्या, म्हणजे आमच्याच, कॅम्पेनमधल्या पुण्याच्या आयटीवाल्या मुलाचा फोन आला तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कोण कुणाला मत देणार हे सगळं त्याला पाठ असतं. तो म्हणाला, "ताई, तिला हळदीकुंकवाला बोलव ना. बाकी काही नको, एक फोटो पुरे. आपल्या लोकांना दिसेल की घर शाबूत आहे." मी तिला बोलावणारच होते, असं मी त्याला सांगितलं. तेही खरंच होतं.

फोन ठेवल्यावर तू आठवलीस. साहेबांचं नव्या कॉलनीतलं दुसरं घर गावाला कधीचं माहीत होतं, पण तिकीट वाटपाच्या वेळी विरोधी गटानं ते भर सभेत माइकवरून बोलून दाखवलं, आणि मुंबईहून निरोप आला की आधी घरचं बघा, मग तिकिटाचं बघू. साहेबांनी घरचं बघायचं काम महिला आघाडीच्या अध्यक्षेला, म्हणजे तुला दिलं. तू मंगल कार्यालय घेतलंस, तालुक्यातून बायका आणल्यास, वहिनीसाहेबांना मधल्या खुर्चीत बसवलंस आणि उखाणा घ्यायला लावलास. त्यांना उखाणे येत नसत. तो तूच रचला होतास, आठवडाभर पोळ्या लाटताना तुझं पुटपुटणं मी ऐकत होते. त्यांनी साहेबांचं नाव घेतलं आणि कार्यालय टाळ्यांनी दणाणून गेलं. तिकीट साहेबांनाच मिळालं. मला फोन ठेवल्यावर आठवलं ते एवढंच, तुझी हिरवी साडी आणि त्या टाळ्या. दार लोटलेलं स्वयंपाकघर त्या वेळी आठवलं नाही.

आमच्या हळदीकुंकवाच्या दिवशी ऊन असं होतं की हॉलचा एसी नुसता घरघरत होता आणि तिळगूळ डब्यातच मऊ पडला होता. मी दर वर्षी सगळ्यांना बोलावते. विधवा, घटस्फोटित, असलं काही आम्ही मानत नाही, हे मी दर वर्षी माइकवरून सांगतेही. मागची दोन वर्षं ती नर्ससुद्धा आली होती, तिनं आवडीनं हलव्याचे दागिने घालून बघितले होते. या खेपेस ती समोरच्या बाजूची म्हणून तिला बोलावलं नाही. तिच्या घटस्फोटामुळे असेल असं बायकांनी परस्पर ठरवून टाकलं आणि मी ते खोडून काढायच्या भानगडीत पडले नाही. नर्सला कळलं तेव्हा ती फक्त "नो वरीज" म्हणाली.

कौन्सिलरची बायको निळा फ्रॉक घालून आली, हातात स्वतः केलेल्या केकचा डबा. दारात जरा बिचकली. मी हात धरून तिला आत नेलं, मधल्या खुर्चीत बसवलं. बोटावर कुंकू घेतलं तेव्हा तिनं वर बघून विचारलं की हे कशासाठी असतं. मी म्हणाले, "वेलकम. आमच्याकडे पाहुण्यांचं असं स्वागत करतात." तिनं लगेच डोकं पुढे केलं. घामानं कुंकू नाकावर ओघळलं तसं ती हसली, बायकाही हसल्या, कितीतरी दिवसांत ती माणसांत हसत होती. मी तिची ओटी भरली. नारळ आणि तांदूळ तिनं दोन्ही हातांनी असे धरले होते की जणू सांडले तर कुणीतरी रागावेल. तेवढ्यात कौन्सिलर तिला न्यायला आला, आयटीवाल्यानं वेळ बरोबर साधली होती. तो तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, खांद्यावर हात ठेवला, आणि फोटो झाला. त्याच दिवशी तो फोटो आपल्या लोकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला, खाली हिंदीत, परिवार साथ है.

थोड्याच मतांनी तो प्रीसिलेक्शन जिंकला. आपल्या लोकांनी एकगठ्ठा त्यालाच मतं दिली, मीसुद्धा. निकाल लागला तेव्हा नर्स येऊन सगळ्यांशी हात मिळवून गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शिफ्ट होती.

मग एका शनिवारी लेकीला पूलवरून आणायला गेले. ती गाडीत बसली आणि सीटबेल्ट लावता लावता म्हणाली, "आई, शी आस्क्ड मी व्हॉट द रेड थिंग मीन्स. सो आय टोल्ड हर." मी विचारलं, काय सांगितलंस? "द ट्रुथ. दॅट इट्स सो युअर हजबंड लिव्ज लाँग." तिच्या आवाजात राग नव्हता. कुणी वेळ विचारली आणि सांगितली, इतकंच. मग मात्र तिनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं की मी तिला काय सांगितलं होतं. मी गाडी चालू केली.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम लवकर गेले. कौन्सिलरची बायको पाण्यातून नुकतीच बाहेर आली होती, खांद्यावर टॉवेल, केसांतून पाणी गळत होतं. माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात, जवळच्या मुलांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "मी तुझ्याकडे आले होते. त्याच्यासाठी नव्हते आले. तुला माहीत होतं ना, मला त्या खुर्चीत कशासाठी बसवलंय?" मी काय बोलले ते लिहायलाही लाज वाटते. मी म्हणाले की आता ते नुसतं रीत म्हणून करतात, अर्थ कोणी बघत नाही. तिनं टॉवेल खांद्यावर नीट ओढून घेतला. मग मुलांकडे परत गेली. महिन्याभरात कळलं की ती जिलाँगला बहिणीकडे राहायला गेली आहे. कौन्सिलरचे बोर्ड आता चौकाचौकात लागले आहेत, आणि ती गेली यानं आता कुणाला फरक पडत नाही. प्रीसिलेक्शन होऊन गेलं.

तेव्हा मला ते लोटलेलं दार आठवलं. तेव्हापासून रोज आठवतं. त्या वर्षानंतर तू हळदीकुंकू बंद केलंस. घरातलंही, पार्टीचंही, आणि पुढे पार्टीही हळूहळू सोडलीस. मी तुझ्या मागे लागले होते, सगळ्यांच्या आया करतात, तूच का नाही? तू कणीक मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मला नको वाटतं म्हणून नको. तुला हवं तर तुझ्या घरी कर." मी ते इतकी वर्षं परवानगी समजत होते. इथे पहिल्यांदा हॉल घेतला तेव्हा सगळ्यांना अभिमानानं सांगितलं होतं की आईनं बंद केलेलं मी सुरू करते आहे. तू दमली होतीस, किंवा अध्यक्षपद गेल्यामुळे रुसली होतीस, असं मला वाटायचं. तू असताना एकदा तरी तुझ्याजवळ बसून नीट विचारलं असतं तर बरं झालं असतं. तू उत्तर दिलं नसतंस तरी तुझा चेहरा दिसला असता.

येत्या संक्रांतीला मी काही करणार नाही. आयटीवाल्याचा फोन येऊन गेला, आता निवडणूक जवळ आली, सगळ्या बायकांना एकत्र आणायला हवं म्हणतो. मी त्याला तुझंच वाक्य सांगितलं, मला नको वाटतं म्हणून नको. लेकीला सांगितलं तर तिला ते पुरणार नाही. ती पुन्हा विचारेल की मी त्या बाईला काय सांगितलं होतं, आणि या वेळी मला गाडी चालू करून सुटता येणार नाही.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून आणखी एक सांगते. "वेलकम" हा शब्द मला त्या क्षणी घाईत सुचला, असं मी स्वतःला इतके दिवस सांगत आले. ते खरं नाही. आदल्या दिवशी तिळगूळ वळताना, तिनं विचारलं तर काय सांगायचं, याचा विचार करत मी दोन-तीन शब्द बोलून पाहिले होते आणि त्यातला हा निवडला होता. हात पाकात होते, मी आपल्याशीच पुटपुटत होते, आणि लेक दारात उभी राहून ऐकत होती.