करूळ घाटातली दोन वळणं

अव्वा, मागच्या रविवारी गगनबावड्याला जाऊन आले. रस्ता आता तुला ओळखू येणार नाही इतका रुंद झालाय. कळे गावाच्या पुढे उसाच्या बैलगाड्यांमागे अडकून आपण वैतागायचो, तिथून आता गाड्या न थांबता निघून जातात. बरोबर चौघीजणी होत्या. सगळ्या माझ्याहून लहान आणि सगळ्यांच्या मोटारसायकली माझ्या गाडीहून मोठ्या. स्टँडसमोर चहा पिताना त्यातल्या एकीने विचारलं, "ताई, हा घाट तुम्ही पहिल्यांदा कुणाबरोबर उतरलात?" मी म्हटलं, "आईबरोबर. ती मागे बसली होती." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिला थोडंफार सांगितलं, पण चहाच्या कपाएवढ्या वेळात ते मावेना. घरी आल्यापासून वाटतंय, एकदा सगळं नीट, पहिल्यापासून सांगावं, आणि ते तुलाच सांगावं.

आप्पा गेले तेव्हा मी दहावीला होते. शेतीपंपाचे सुटे भाग घेऊन ते दर आठवड्याला घाट उतरायचे, कोकणातल्या दुकानांना माल द्यायचे आणि संध्याकाळपर्यंत परत यायचे. त्या दिवशी आले नाहीत. करूळ घाटात एका वळणावर गाडी कठड्याला धडकली, एवढंच आपल्याला कळलं. पाहणारं कोणी नव्हतं. दिवसकार्याला बसलेल्या माणसांत थोरले काका हळू आवाजात म्हणाले, "घेतली असंल जरा. कोकणातनं आला की तोंडाला कायम लवंगेचा वास असायचा." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, आणि तू माझ्या मागे होतीस. मला वाटलं होतं तू भांडशील. पण ती लवंग तुलाही माहीत होती. तिच्यावरून तू आप्पांशी भांडलेलं मी लहानपणी ऐकलं होतं, आणि आप्पा खाली मान घालून ऐकून घ्यायचे तेही पाहिलं होतं. नंतर एकदा मी धीर करून विचारलं, "अव्वा, आप्पा प्यायचे काय?" तू म्हणालीस, "ताट वाढ." त्यानंतर घरात त्यांचा विषयच निघेना. भिंतीवर फोटो होता, त्याला रोज विभूती लागायची, पण त्यांच्याबद्दल तू कुणाशीच बोलायची नाहीस.

त्यांची ती येझदी मोटारसायकल, घाटातून उचलून आणलेली, परसात पोत्याखाली पडून होती. काकांनी ती भंगारात घालायला दोनदा माणूस पाठवला आणि तू दोन्ही वेळा त्याला दारातूनच परत लावलंस. मला वाटायचं, तुला ती गाडी आठवण म्हणून हवी असेल. आता वाटतं, तुझा तिच्यावर राग होता, आणि राग संपल्याशिवाय तुला ती सोडवत नव्हती. कॉलेज संपून मी शाळेत पी.टी.ची शिक्षिका म्हणून लागले, आणि पहिल्या उन्हाळी सुट्टीत ती गाडी टेम्पोत घालून उद्यमनगरात नेली. मिस्त्री म्हणाला, "कुणासाठी करायची? भावासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." तो हसला, पण काम चांगलं केलं. त्या गाडीची किक आणि गिअर एकाच दांडीत. किक मारायची आणि तीच दांडी खाली पाडून गिअर टाकायचा. माझी नडगी महिनाभर निळी होती. कोल्हापुरात मुली लुना चालवायला लागल्या होत्या, पण येझदीवर मुलगी दिसली की रंकाळ्यावर भेळ खाणारी माणसं उभी राहून बघायची. एकदा कोणीतरी ओरडलं, "ओ पावणं!" आणि मी वळून पाहिल्यावर, "आयला, पावणं न्हवं, पावणी हाय की!"

काका आलेच. म्हणाले, "लग्नाची पोरगी फटफटीवर फिरती. लोक काय म्हणतील?" तू धान्य निवडत होतीस. सुपावरची नजर न काढता म्हणालीस, "म्हणू देत." पण ते गेल्यावर मला समोर बसवलंस. "गावात फिर, जोतिबाला जा, पन्हाळ्याला जा, कुठंबी जा. पर त्या घाटात एकटीनं उतरायचं न्हाय. ज्या दिवशी उतरशील त्या दिवशी मी मागं बसणार. पडलो तर दोघी पडू." मी म्हटलं, "अव्वा, तू कधी सायकलवर तरी बसलीयेस का?" तू म्हणालीस, "न्हाय. तर काय झालं?"

डिसेंबर उजाडला आणि घाट उतरायचा दिवस ठरला. लुगड्यावर आप्पांचा स्वेटर, कानाला मफलर, मांडीवर भाकरी आणि शेंगाच्या चटणीचा डबा, आणि एका पिशवीत शेवंतीची फुलं. एका बाजूला पाय टाकून तू बसलीस आणि माझा खांदा असा धरलास की बालिंग्याच्या पुलापर्यंत माझा हात बधिर झाला. मी वळणावर आत कलले की तू बाहेर कलायचीस. शेवटी असळजजवळ गाडी थांबवून मी सांगितलं, "माझ्यासंगं कल. पोतं हायेस असं समज." तू म्हणालीस, "पोतं बरं. पोत्याला भ्या न्हाय." पण ऐकलंस. गगनबावड्यापर्यंत आपली जोडी जमली होती. स्टँडवर चहा घेतला तेव्हा खालून धुकं वर येत होतं. गगनगडाचं टोक थोडं दिसायचं, थोडं जायचं. तू तिकडे पाहिलंच नाहीस. तू घाटाच्या तोंडाकडे बघत होतीस.

काकांनी खूण सांगितली होती की कठड्याचे दगड नवे दिसतील, तेच वळण. आपण पहिल्या गिअरमध्ये उतरत होतो. एका वळणावर नवे दगड दिसले. मी गाडी कडेला लावली. तू उतरलीस, फुलांची पिशवी उघडलीस. तेवढ्यात मला खालचं वळण दिसलं. तिथेही कठडा नवा होता. मी सांगू की नको असा विचार करत होते, पण तुलाही दिसलं. "हे का ते?" तू विचारलंस. "मला माहीत न्हाय, अव्वा." वरून एक ट्रक आला, ड्रायव्हरने काळजीने गाडी हळू केली. तू त्यालाच हात करून विचारलंस, "पावणं, इथं कोल्हापूरचा एक येझदीवाला पडला हुता. कुठल्या वळणावर?" तो म्हणाला, "बाई, इथं लई पडत्यात. कुणाकुणाचं ध्यानात ठेवायचं?" वाईट बोलला नाही. खरं तेच बोलला. ट्रक गेल्यावर तू फुलांचे दोन वाटे केलेस. अर्धी त्या कठड्यावर ठेवलीस, अर्धी खालच्या. मी रडेन असं मला वाटलं होतं, आणि तू रडशील याची तर खात्रीच होती. दोघीही रडलो नाही. खाली दरीत हिरवं रान होतं, कुठेतरी माकडं ओरडत होती. तू कठड्याला हात लावून बराच वेळ उभी राहिलीस आणि म्हणालीस, "एवढंच हाय व्हय?" मग म्हणालीस, "आलोयच तर खाली जाऊ. हे कुठं जायचे ते तरी बघू."

वैभववाडीत पंपाच्या भागांचं पहिलं दुकान दिसलं तिथे मी गाडी थांबवली. दुकानदार आपल्याकडे न बघता गाडीकडेच बघत बाहेर आला. टाकीवरची पोपटी पट्टी त्याने ओळखली. आप्पांचं नाव घेतलं, आपण कोण ते विचारलं, आणि हात जोडून उभा राहिला. तू विचारलंस, "ते जेवायचे कुठं?" कारण तुझा तोच प्रश्न होता. दर वेळी तू भाकरी बांधून द्यायचीस आणि दर वेळी डबा रिकामा यायचा, पण घरी आल्यावर भूक मात्र नसायची त्यांना. त्याने समोरची खानावळ दाखवली.

खानावळीची बाई तुझ्याच वयाची होती. तू दारातच विचारलंस, "शाकाहारी मिळतंय काय?" आपण कोण हे दुकानदाराने मागून सांगितलं तशी ती हात पुसत पुढे आली. "शाकाहारी गावतला," ती म्हणाली, "पण तुमच्या घोवाक बांगडो लागायचो. तळलेलो. भाकरी घराकडसून आणीत, ती माझ्या झिलाक देयत."

म्हणजे तुझी भाकरी तिचा मुलगा खायचा आणि आप्पा मासा. तुझा चेहरा मी बघत होते. आपलं लिंगायताचं घर. अंड्याचं टरफलसुद्धा आपल्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नव्हतं. तू बाकावर बसलीस. बाईला वाटलं तिचं काही चुकलं, म्हणून ती गडबडीने पुढे सांगत राहिली. "जाताना लवंग मागून घेयत. म्हणत, बायको वासान पकडतली."

"आणि दारू?" तू विचारलंस. इतक्या वर्षांत तो शब्द मी तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"दारू? नाय गो बाये. सोलकढी पियत. दोन दोन वाटये."

मग तुझे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता रडतेस. तू हसत होतीस. पदर तोंडात कोंबून हसत होतीस, आणि डोळ्यांतून पाणीही चाललं होतं. "बांगडा," तू म्हणालीस. "अगं, बांगडा! मी दारुडा समजून भांडले, आणि हा माणूस मासं खाऊन येत हुता." बाई हसली, मी हसले, दुकानदारही हसला. मी म्हटलं, "अव्वा, त्यांनी सांगितलं असतं तर?" तू डोळे पुसून अगदी सरळ उत्तर दिलंस, "घरात घेतलं नसतं." मग भात आणि सोलकढी मागवलीस. सोलकढी तुला आवडली नाही, तरी वाटी संपवलीस.

त्या दिवशी वळणावर नेमकं काय झालं ते आपल्याला कधीच कळलं नाही. धुकं असेल, रस्त्यावर तेल सांडलेलं असेल, किंवा समोरून कोणी चुकीच्या बाजूने आलं असेल. पण परत येताना तू आप्पांबद्दल बोलत होतीस. वारा कानात भरत होता, अर्धं मला ऐकूही येत नव्हतं. लग्नानंतर त्यांनी तुला नृसिंहवाडीला नावेत बसवलं होतं आणि तू भीतीने त्यांचा सदरा फाडला होतास, असलं काहीतरी. कोल्हापुरात शिरल्यावर तू घरी जाऊ दिलं नाहीस. काकांच्या दारात गाडी उभी करायला लावलीस, आणि गाडीवरून न उतरताच सांगितलंस, "भावजी, ते पीत न्हवते. मासं खात हुते." काकांचा चेहरा मला अजून दिसतो. दारू त्यांनी पचवली होती, बांगडा काही त्यांना पचला नाही.

त्यानंतर दर हिवाळ्यात आपण निघायचो. राधानगरीवरून दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट, आजऱ्यावरून आंबोली, मलकापूरवरून आंबा घाट. कुठे थांबायचं हे तू ठरवायचीस आणि तुझे नियम निराळे होते. जिथे सगळे फोटो काढायला उतरतात ते कठडे तुला आवडत नसत. तुला आपण चढून आलेला रस्ता खाली दिसला पाहिजे. "बघ, तिथनं आलो आपण," असं बोटाने दाखवता आलं की तुझं भागायचं. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. हॉटेलात बाईमाणसाला आडोसा मिळायचा नाही, म्हणून तू रस्त्याकडेचं एखादं सारवलेलं अंगण बघून गाडी थांबवायला लावायचीस आणि आत जाऊन सरळ विचारायचीस, "अक्का, मोरी हाय काय?" कुणी नाही म्हटलं नाही. मोरीनंतर पाणी, पाण्यानंतर चहा, चहानंतर सुनेची गाऱ्हाणी. दाजीपूरच्या अलीकडे एका घरात आपण दर वर्षी जायचो, आणि एका वर्षी गेलो नाही तर पुढच्या वर्षी त्या म्हातारीने तुला अंगणात उभी करून झापलं होतं. आज माझ्याबरोबरच्या मुली मला विचारतात, ताई, या रस्त्यावर चांगलं थांबायचं ठिकाण कोणतं? मी त्यांना तुझीच अंगणं सांगते. काही अजून तशीच आहेत. काहींच्या जागी धाबे झालेत.

पुढे तुझे गुडघे गेले. गाडीवर चढताना पायरीचा दगड लागायला लागला, मग तोही पुरेना. शेवटच्या हिवाळ्यात तू म्हणालीस, "तू जाऊन ये, मला येऊन सांग." मी आंबोलीला जाऊन आले आणि तुझ्या खाटेवर बसून सांगितलं. कुठे डांबर नवं टाकलंय, कुठे झाड पडलंय, कुणाच्या घरी चहा झाला. तू डोळे मिटून ऐकत होतीस आणि मध्येच म्हणालीस, "वळणावर हळू सांग." पावसाळ्यात ताप आला, आणि त्यातून तू उठली नाहीस. त्या पावसात प्रवास झेपणार नव्हता म्हणून दाजीपूरची म्हातारी येऊ शकली नाही. तिने एस.टी.च्या कंडक्टरजवळ एक फणस पाठवला होता. तो दारात आला तेव्हा तुला नेऊन झालं होतं.

हे सगळं लिहून झालं आणि मग लक्षात आलं की मी मराठीत लिहिलंय. तू संकेश्वरच्या कानडी शाळेत शिकलीस. मराठी बोलायचीस आमच्यापेक्षा कडक, पण वाचायला तुला कधी जमलं नाही. मला कानडी बोलता येतं, लिहिता येत नाही. तेव्हा हा कागद कुठे धाडायचा प्रश्नच नाही. तू असतीस तरी मलाच तो मोठ्याने वाचून दाखवावा लागला असता, आणि मग यापुढचं मी गाळलं असतं. लोकांना मी सांगते की आईला घाट दाखवायला मी घेऊन गेले. तुलाही शेवटपर्यंत वाटत होतं की पोरगी हट्टी आहे, अडवली तरी उतरणारच, म्हणून तू मागे बसलीस. तसं नव्हतं, अव्वा. गाडी दुरुस्त झाल्यावर मी एकटी गगनबावड्यापर्यंत बऱ्याचदा गेले होते. प्रत्येक वेळी घाट उतरायचा धीर न होऊन स्टँडवर चहा पिऊन मागे फिरले होते.