दोन्ही बाह्या डाव्या

मंगळवार, ४ मार्च

अण्णा पडले! बाथरूमच्या दारातच. हाड मोडलं नाही, डॉक्टरांनी नीट तपासलं. कपाळाला टेंगूळ तेवढं.

आणि राग आलाय तो वेगळाच. उशाशी बेल आणून ठेवलीय ना, बाजारातली, गाणं वाजवणारी? दाबायची, मी शिलाई मशीन सोडून येते. पण नाही! पूर्वी चहासाठी हक्काने ओरडायचे, "टेलरबाई, चहा!" बाथरूमसाठी सुनेला बोलवायचं म्हणजे मात्र कमीपणा. अर्धांगाने उजवी बाजू गेली, वाचा गेली, ताठा जागच्या जागी. बेल दाखवली की भिंतीकडे तोंड.

भाऊजींचा फोन आला. "वहिनी, पुन्हा पडले तर मी त्यांना शुश्रूषाकेंद्रात नेणार. तिथे सतत माणूस असतं." दीर वाईट नाही, धास्तावलाय. मला रडूच आलं. नाही जायचं अण्णांनी कुठे.

गुरुवार, ६

चिडून विचारलं, "ही बेल नको, तर काय खास तुमच्यासाठी घडवून घेऊ?"

लगेच माळ्याकडे बोट!

जन्मभर विज्ञान शिकवलं. शाळा सुटली, पेटारा काही सुटला नाही. ह्यांनी शिव्या घालत खाली काढला. तांब्याची बारीक तार, इंग्रजी यूसारखा वाकवलेला लोखंडी बोल्ट, होकायंत्र, काट्याचं मीटर, पत्र्याची पट्टी, एक वाटी. घंटा करायची म्हणे! त्यांचा एक हात नि माझे दोन.

शनिवार, ८

आज मी थक्क. अण्णांनी साधी तार सेलला जोडायला लावली आणि होकायंत्रावर धरली — सुई वळली! तार सोडली, सुई जागेवर. चुंबक कुठे दिसत नाही. वीज वाहिली की तारेभोवती ते येतं, थांबली की जातं. तीच तार गुंडाळून आत लोखंड घातलं की जोर वाढतो. अण्णांनी माझ्या मशीनच्या मोटारीकडे बोट केलं. तिच्या पोटातही हेच!

मग खरी गंमत. तारेचं रीळ मीटरला जोडलं आणि खरंखुरं चुंबक आत-बाहेर सरकवलं. काटा हलला, सेल नसताना! म्हणजे विजेतून चुंबक, नि चुंबक हलवलं की वीज. सासू-सुनेसारखं — एक हलली की दुसरी गप्प बसत नाही. शाळेत घोकलं होतं, कळलं आज.

रविवार, ९

बोल्टच्या दोन पायांसाठी दोन रिळं भरली, मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकावर. अगदी एकसारखी. इतकी सुबक की दृष्ट काढावी!

सोमवार, १०

घंटा जोडली, पण वाजत नाही. मेली वाजत नाही!

खरं तर सोपं आहे. वीज आली की बोल्टचं चुंबक होतं, पट्टीला ओढतं, पट्टीचा दांडा वाटीवर आपटतो. पण पट्टी सरकली की जोड तुटतो, वीज जाते, चुंबक जातं, पट्टी मागे येते — की पुन्हा जोड. ओढता ओढता स्वतःचीच वीज तोडायची. आमची पट्टी नुसती थरथरते, पुढे येत नाही.

अण्णांनी होकायंत्र आधी एका टोकाजवळ नेलं, मग दुसऱ्या. सुईचं लाल टोक दोन्हीकडे धावलं. माझ्याकडे पाहत राहिले. मला ओ की ठो कळेना. मग डाव्या हाताने स्वतःची उजवी बाही ओढली. मग डावा हात हलवला. पुन्हा बाही. थंडी वाजत असेल म्हणून मी स्वेटर आणला. दूर भिरकावला! मीही चिडले. म्हटलं, "राहू द्या तुमची घंटा, भाऊजींनाच बोलावते." बोलून गेले आणि जिभेला चटका बसल्यासारखं झालं. त्यांचा चेहरा पाहवेना.

मंगळवार, ११

सकाळी फ्रॉकच्या बाह्या लावत होते. एक डावी, एक उजवी. कापड घडी न घालता कापलं की दोन्ही डाव्याच निघतात, नवशिक्या बाया हमखास करतात...

अगं बाई!! मी दोन्ही रिळं डावीच भरलीत! बोल्टच्या दोन्ही टोकांना सारखाच ध्रुव आला, म्हणून सुई दोन्हीकडे तशीच धावली. एक उत्तर, एक दक्षिण हवा, तर दोन्ही मिळून पट्टीला धरून ओढतील. बाही, बाही म्हणून माणूस वाचा नसताना ओरडत होता, आणि टेलर असून मी त्याला स्वेटर घालत होते!

धावत गेले, एक रीळ काढून उलटं बसवलं. अण्णांनी घंटेच्या कळीवर बसवलेलं कोटाचं मोठं बटण दाबलं.

ट्र्र्र्र्र्र्र्र!

ह्यांच्या हातातला कप सुटला. अण्णा हसले — अर्ध्याच ओठांनी, पण हसले. मी त्यांच्या पाया पडून कालचं सगळं माफ करून घेतलं.

गुरुवार, १३

स्वतःच्या हातची घंटा वाजवण्यात कमीपणा नसतो वाटतं! काल बाथरूमसाठी बोलावलं. खिडकी लावायला बोलावलं. मांजर हाकलायला बोलावलं, मग परत आणायलाही. मशीनवर बसू देत नाहीत. पण आज कित्येक दिवसांनी मी पोटभर झोपले.

भाऊजींचा फोन. "वहिनी, हे काय वाजतंय?"

"तुमचे वडील बोलावतायत."

म्हणाले, "वाजू दे. केंद्राचं राहू दे आता." हुश्श!

बुधवार, १९

दुपारी अण्णांचे ओठ हलत असतात. मी गेले की थांबतात. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई म्हणतात, आशा ठेवा, पण वाट पाहू नका.

रविवार, २३

सकाळपासून घंटा गप्प. पुन्हा तो ताठा! धावले. अण्णा पलंगावर बसलेले, सेलवरून काढलेली तार हातात. मी ओरडणार, तोच —

"टे... लर... बाई. चहा."