भोयरांच्या टेपवरचे ४१२ ते ४९०

८ मे ८७, शुक्रवार. पुलगाव
यायनं काढलेली भोयरायच्या लग्नाची टेप पाहाले बसली. पूर्ण मागं नेली, मशीनवरचा आकडा शून्यावर आणला, मग वही. १५ ते ६० हळद. ६० ते १३० बायाच बाया, सोडून द्या. माह्ये आकडे पाहून हे चांगलं तेवढं दुसऱ्या मशीनवर उतरवतात. चौथी शिकली मी, पण आकडा चुकत नाई. आवाज बंदच. रोज रोज बँडबाजा कोण ऐकन.
४१२ पासून एक बाई. जांभळी साडी, चष्मा. ४९० पर्यंत तेच! नवरानवरी बाजूले, अन् कॅमेरा हिच्यावर. ओठ हलवते, शेवटी कॅमेऱ्यामागं उभ्या यायच्याकडं पाहून हासते.

९ मे
इचारलं, कोण हो ते जांभळी?
"नवरीची आत्या. पवनारले मास्तरीण हाय. लय हुशार बाई."
हुशार! अठरा वर्षांत मले कधी म्हटलं नाई. भाजीत मीठ कमी, एवढंच म्हणता येते.
वहीत लिवलं: ४१२ ते ४९० अंधार, काई दिसत नाई.
हे वही पाहून म्हणतात, "लाइट गेलती का मांडवात? मले तं आठवत नाई."
म्हटलं, तुमाले तिथलं दुसरंच आठवन.
यायले समजलं नाई. तेवढा भाग सोडून देल्ला.

१४ मे, गुरुवार
परवा टेप देली. आज नवरीचा बाप दारात. "भाऊ, ताईचे मंगलाष्टक कुठं गेले? दोन्ही घरच्या म्हाताऱ्यायचे नावं गुंफून सोता रचले होते तिनं. पोरगी सासरी रडून राह्यली."
मंगलाष्टक म्हणत होती तं ते!
हे मले म्हणाले, "मूळ टेप हाय अजून. उद्या तिच्यावरच सिंदी गावचं लग्न घ्याचं हाय. आजच धुंडून ठेव वं, भेटते का."

चार वाजता. आवाज चालू करून पाह्यलं. गळा चांगला हाय, मानलं. आजीचं नाव आलं तं बाया डोळे पुसत होत्या. मलेही पदर लागला.
४८४ ले संपलं. मग यायचा आवाज, अगदी जवळून. "मॅडम, शेवटचं अजून एकदा म्हणा ना. माह्यासाठी."
ते हासली. तेच हासणं.
माह्यासाठी. चारदा मागं नेऊन ऐकलं. कामासाठी म्हटलं असन. टेप नीट आली नसन. असन. पण हा आवाज आमच्या घरात तं...

१५ मे, सकाळ
४१२ ते ४८४ लिवलं तं भागते. नवरीले तेवढंच पाह्यजे. बाकीचं सिंदीच्या लग्नाखाली मिटून जाईन. मग यायले इचारू कशाच्या भरवशावर?
हे चप्पल घालून उभे. "सापडलं काय वं? आकडा सांग, उतरवून घेतो अन् टेप नेतो, गाडीचा टाइम झाला."
म्हटलं, सापडलं. अजी, बसा जरा. आवाज मोठा केला अन् ४८० पासून लावली.