शेजारच्याला स्तोत्र, घरच्याला डोंगरावरचं प्रवचन

पप्पा, येत्या रविवारी मला तुमच्या जागी उभं राहायचं आहे आणि मला तुमचा भयंकर राग आला आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये, असं चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणतात. पण त्या जिवंत माणसांवरही रागावत नाहीत, नाव घेऊन त्यांच्यासाठी चारचौघांत प्रार्थना करतात. त्यापेक्षा राग बरा. तुमची नात फौजेत चालली आहे. निवड झाली, मेडिकल झालं, ट्रेनिंगला निघायचा दिवस ठरला. परवा पाळकसाहेबांचा फोन आला, "ताई, मुलीला पुढे बोलवू. डोक्यावर हात तुम्हीच ठेवा, वचनही तुम्हीच वाचा. तुमच्या पप्पांचीच रीत आहे ती."

तुमचीच रीत. तेलुगू उपासना संपली की तेच चर्च आपल्या मराठी मंडळीला तासभर मिळतं, बाकांवर दुसऱ्यांच्या पोरांनी सांडलेला बिस्किटांचा चुरा तसाच असतो. फौजेत निघालेला मुलगा वेदीपुढच्या गालिच्यावर गुडघे टेकायचा, तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवायचात आणि ते स्तोत्र वाचायचात, ज्यात दिवसा बाण सुटतात आणि बाजूला हजारो पडले तरी आपल्या माणसाला काही होत नाही. ते पडणारे हजारो कोणाची पोरं, हे विचारायची पद्धत नव्हती. मग आवारात बिर्याणी. तुमचा आवाज असा लागायचा की पेन्शनीतले म्हातारेही भरतीला जातील असं वाटायचं.

मलकपेठच्या घरी आपल्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकूंचा एकुलता एक मुलगा भरती झाला, तेव्हाही तुम्ही तेच वाचलंत. वर त्याची पाठ थोपटून "मंडळीचं नाव काढ" म्हणालात. त्याच आठवड्यात आपल्या धाकट्यानं स्वयंपाकघरात येऊन सांगितलं की त्यालाही जायचंय. आई कालवणाला फोडणी देते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, आणि धाकटा दारात उभा, आत येऊ की नको अशा विचारात. तुम्ही जेवण थांबवलंत. हात धुतलेत. पवित्र शास्त्र आणायला मला पाठवलंत. आणि त्या दिवशी, पप्पा, तुमच्या शास्त्रात दुसरंच पान निघालं. डोंगरावरचं प्रवचन. शत्रूवर प्रेम करा, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा. मग बागेतला तो प्रसंग, जिथे प्रभू पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगतो. आवाज तोच. फोडणी जळली.

"मग हे शेजारी का नाही वाचलंत?" धाकट्यानं विचारलं.

"तो त्याच्या बापाचा प्रश्न आहे."

"त्याला बाप कुठाय, पप्पा? डोक्यावर हात तर तुम्हीच ठेवला ना?"

तुम्ही त्याला थोबाडीत मारलीत. दुसरा गाल त्यानं पुढे केला नाही, तुमच्या मते तोही त्याचाच दोष. पण तो राहिला. विमा विकतो, पोट सुटलंय, केस अजून फौजी कापतो आणि चर्चमध्ये फक्त लग्नांना येतो. काकूंचा मुलगा सीमेवर गेला तो पेटीत परत आला. तुम्ही त्याच्या पेटीशी उभे राहून मित्रांसाठी प्राण देणाऱ्याच्या प्रेमावर बोललात, फार सुंदर बोललात, बाया हुंदके देत होत्या. प्रभूनं स्वतःचा प्राण देण्याबद्दल म्हटलं होतं. दुसऱ्याचा घेण्याबद्दल तो काही म्हणाल्याचं मला अजून सापडलेलं नाही, पण ते तुम्ही त्यात कधी मिसळलंत हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

इतकी वर्षं मी हे सगळं इतरांना हसून सांगत आले. आमच्या पप्पांकडे दोन शास्त्रं होती, एक निर्यातीचं, एक घरगुती वापराचं. लोक हसायचे. मग माझ्या मुलीनं आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून निवड झाल्याचं सांगितलं, आणि मी गॅस बंद केला, हात धुतले आणि शास्त्र उघडलं. तेच पान, पप्पा. माझा आवाजसुद्धा तुमच्यासारखा खर्जात गेला. ती भिंतीला टेकून ऐकत होती. तिला मराठी वाचताना अडखळायला होतं, पण ऐकताना कानातून काही सुटत नाही.

"मम्मी, हे येशू म्हणतोय का तू म्हणतेयस?"

"येशूच म्हणतोय. लिहिलंय इथे."

"मग मागच्या वर्षी त्या सुभेदार अंकलच्या मुलाला का नाही म्हणाला? तेव्हा तर तू टाळ्या वाजवत होतीस. नक्को ना मम्मी, तुला मी जायला नकोय तर तसं बोल."

मी शास्त्र मिटलं. गॅस पुन्हा पेटवला.

पाळकसाहेबांच्या फोननंतर मी काकूंकडे गेले. त्या अजून तिथेच राहतात, आता पार वाकल्या आहेत, पण जीभ शाबूत. मी सलाम केला आणि विचारलं, "काकू, रविवारी काय वाचू?"

"आता आठवण झाली होय माझी?" त्या म्हणाल्या. लसूण सोलत होत्या, थांबल्या नाहीत. "तुझ्या बापानं माझ्या लेकराला लढाईचं वाचलं आणि तुझ्या भावाला शांतीचं. भिंत काय जाड होती गं? सगळं ऐकलं मी त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"काय बोलू? देवाचं वचन होतं. दोन्हीकडे देवाचंच वचन." त्यांनी साली झटकल्या. "आता तुझी पाळी. कोणतं वाचतेस ते बघायलाच येणार आहे मी. पुढच्या बाकावर बसते."

त्या भिंतीपलीकडे बसून होत्या, पप्पा. त्यांचा मुलगा तेव्हा निघायचा होता, बॅग भरायची होती. तुम्ही पलीकडे जाऊन तेच पान त्यांच्याही घरात वाचलं असतंत, तर तो राहिला असता की नाही मला माहीत नाही. पण तुम्ही गेला नाहीत. तुम्हाला शांती वगैरे काही नको होती, तुम्हाला तुमचा मुलगा घरात हवा होता. भीती वाटत होती, एवढंच म्हणायचं होतंत. धाकट्यानं ते ऐकलं असतं, कदाचित माफही केलं असतं. प्रभूला दाराची कडी कशाला केलंत?

मी ठरवलं आहे. रविवारी माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मी डोंगरावरचं प्रवचनच वाचणार आहे. तिला अडवायला नाही, ती निघालीच आहे. घरात बसून शत्रूवर प्रेम करणं फुकट असतं, आपला शत्रू फार तर वरच्या मजल्यावरून पाणी सांडणारा. जिच्या हातात बंदूक येणार आहे, तिनंच ते पान सोबत न्यायला हवं. तिकडे तिला ते जड जाईल. जाऊ दे. मंडळीला आवडणार नाही, काही जण बिर्याणीला थांबणार नाहीत. काकू पुढच्या बाकावर असतील, आणि त्यांच्या मुलावर हे कोणी वाचलं नव्हतं, हे मी त्यांच्याकडे बघून, तुमचं नाव घेऊन सांगणार आहे.

आणि काल तिला सांगितलं एकदाचं, की मला भीती वाटते, फार वाटते. ती बुटांना पॉलिश करत होती. "हौ, माहितीये," म्हणाली, आणि सरकून मला बसायला जागा दिली.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्न नाही, तुमचा पत्ता मला ठाऊक आहे आणि तिथे पोस्टमन जात नाही. पण एक गोष्ट तिला सांगता येत नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच, म्हणून तुम्हाला. तिचं मेडिकल होतं त्या सकाळी मी घरात गुडघे टेकून होते. तिचे डोळे अधू निघावेत, गुडघ्यात खोट सापडावी, काहीही सापडावं, असं मी प्रभूकडे मागत होते. मोठ्यानं. आणि शेवटी आमेनही म्हणाले.